नट व्हायचंय? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

सांगलीत गेली बरीच वर्षं मी अभिनयाच्या कार्यशाळा घेते. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीता स्वयंवर’ इथंच रंगवलं, त्यामुळे आमच्या गावात दर चार घरांमागे एक माजी नट आणि दर घरात किमान एक नाट्यसमीक्षक सापडतो. फोन येतात, मेसेज येतात; मुलांचे कमी, आईवडिलांचे जास्त. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून एकदा लिहून ठेवले. उत्तरं माझ्या अनुभवातली आहेत. पटली नाहीत तर तालमीला या, तिथं भांडू.

अभिनय रक्तातच असावा लागतो का?

मास्तरांची हुबेहूब नक्कल करणारा एक पोरगा प्रत्येक वर्गात असतो. तो पुढे नट होतोच असं नाही. मास्तर कसे बोलतात हे त्यानं अचूक टिपलेलं असतं. ते तसं का बोलतात याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. तो ‘का’ शोधायची खाज असेल तर बाकीचं शिकता येतं. आवाज कमावता येतो, शरीर मोकळं करता येतं, उच्चार घासता येतात. खाज मात्र मला देता येत नाही.

चांगला नट आणि मोठा नट यांत फरक काय?

मला विचाराल तर एकच. आज जमलं ते उद्या जमतं का?

गॅदरिंगला एकदा झकास काम झालं असे लोक मला रोज भेटतात. खरोखर झकास झालेलं असतं ते. पण शनिवारी पुण्यात, रविवारी दुपारी आणि रात्री असे दोन, सोमवारी बसमध्ये बसून कोल्हापूर, आणि तिथं अर्धं रिकामं थिएटर, पहिल्या रांगेत मोबाइलवर बोलणारा एक गृहस्थ. त्या सोमवारच्या प्रयोगाला नट कसा उभा राहतो ते बघा. दोनशेव्या प्रयोगाला दार उघडल्यावर समोर कोण उभं आहे हे नटाला ठाऊक असतं, पात्राला ठाऊक नसतं. दोनशे वेळा न ठाऊक असणं, हे काम आहे.

प्रशांत दामल्यांनी ६ नोव्हेंबर २०२२ रोजी आपला १२,५०० वा प्रयोग केला. अनेक नाटकं मिळून हा आकडा झाला, हे खरं. तरी रोज एक प्रयोग धरला तर चौतीस वर्षं होतात, एकही सुट्टी न घेता. विनोदी नटांना आपण जरा हलकं लेखतो. या आकड्यापुढे तरी गप्प बसावं.

खाली आवाज, पाठांतर, शरीर वगैरे जे काही सांगितलंय ते सगळं या एका गोष्टीसाठी आहे: पुन्हा करता यावं म्हणून.

ताई, मला हवं तेव्हा रडता येतं. म्हणजे मला अभिनय जमतो ना?

हा प्रश्न दर बॅचला येतो आणि विचारणारी व्यक्ती लगेच रडूनही दाखवते.

भरतमुनींनी नाट्यशास्त्रात अभिनयाचे चार प्रकार सांगितले: आंगिक, वाचिक, आहार्य, सात्त्विक. अंगानं, वाणीनं, वेशभूषा-रंगभूषेनं आणि आतून. या चौथ्या प्रकारात आठ सात्त्विक भाव येतात आणि अश्रू त्यातला फक्त एक. बाकीचे सात म्हणजे थिजणं, घाम फुटणं, अंगावर काटा येणं, आवाज फाटणं, थरथरणं, चेहरा उतरणं आणि शुद्ध हरपणं. मन एकाग्र झालं की हे भाव येतात, असंही तिथंच म्हटलंय. आता एकाग्र कशावर व्हायचं, हा खरा प्रश्न.

एका एकांकिकेत एका मुलीला गेलेल्या आईचं कपाट आवरायचं होतं. मंगळवारच्या तालमीत ती ढसाढसा रडली. आम्ही सगळे गप्प, एकानं टाळीसुद्धा वाजवली. बुधवारी काही म्हणता काही येईना. डोळे मिटून ती स्वतःच्या आयुष्यातलं काहीबाही आठवत उभी राहिली, चेहरा नुसता आवळलेला. गुरुवारी मी तिला म्हटलं, रडायचं सोड, ही साडी घडी कर. सुती, कडक खळ दिलेली, सहावारी. अशी साडी नीट घडी करायला दोन माणसं लागतात. तिनं एक टोक पकडलं, साडी झटकली आणि सवयीनं दुसरं टोक पुढं केलं. धरायला कोणी नव्हतं. हात तसाच राहिला. मग तिनं ते टोक हनुवटीखाली दाबलं आणि एकटीनं घडी घालायला लागली, घडी वाकडी पडली, तिनं ती मोडली आणि पुन्हा घातली.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं का, मला आठवत नाही. मागं बसलेली पोरं नाक ओढत होती एवढं आठवतं. त्या एकांकिकेचे पुढं अकरा प्रयोग झाले आणि अकराही वेळा तो हात तसाच पुढं गेला.

फ्रेंच विचारवंत दिदरो यानं अठराव्या शतकातच लिहून ठेवलंय की नुसत्या भावनेच्या भरात काम करणारा नट पहिल्या प्रयोगाला पेटलेला असतो आणि तिसऱ्याला थंडगार. तो पुढं जाऊन म्हणतो की नटाला काही वाटूच नये. इतकं टोक मला मान्य नाही. वाटावं. पण वाटण्याच्या भरवशावर तिकीट लावू नये. साडीच्या भरवशावर लावावं.

स्वतःचं दुःख बाजूला ठेवून काम करावं लागतं, हे खरं आहे का?

१२ मार्च १९११ रोजी ‘मानापमान’चा पहिला प्रयोग होता आणि त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी गेली. त्यांनी प्रयोग केला. मराठी माणसाला ही गोष्ट पाठ असते आणि प्रत्येक सत्काराच्या भाषणात ती येते. मला ती मुलांना सांगायला आवडत नाही. त्यातून मुलं असा अर्थ काढतात की कलावंतानं माणूस असू नये. त्या काळी नाटक मंडळी म्हणजे बिऱ्हाडं, आचारी, वादक मिळून मोठा संसार होता. खेळ पडला की सगळ्यांच्याच चुलीवर परिणाम व्हायचा. त्या ओझ्याखाली घेतलेला निर्णय होता तो. आज तुमच्या घरी असं काही झालं तर प्रयोग रद्द करा. प्रेक्षक पैसे परत घेतील, काही बिघडत नाही.

आवाज कसा कमवायचा?

आधी एक गैरसमज: मोठा आवाज आणि पोचणारा आवाज वेगळे. ओरडणाऱ्या नटाचं शेवटच्या रांगेत काही कळत नाही, आणि कुजबुजणाऱ्या कसलेल्या नटाचं कळतं. आता कपड्यांना लावायचे लेपल माइक आले, तरी माइक फक्त आवाज वाढवतो, स्पष्टपणा वाढवत नाही.

मराठीत एक खास धोका आहे. आपल्या वाक्याचं क्रियापद शेवटी येतं, आणि नकार त्याच्याही मागं. ‘मी त्या घरात परत पाऊल ठेवणार नाही’ या वाक्यातला ‘नाही’ श्वास संपल्यामुळे खाल्ला गेला, तर मागच्या प्रेक्षकाला ऐकू येतं की बाई परत चालली. दहापैकी सात नवखे नट वाक्याचा शेवट पाडतात. म्हणून माझ्याकडे पहिला आठवडाभर एकच व्यायाम: कोणतंही वाक्य घ्या आणि शेवटच्या शब्दाला पहिल्याइतकाच श्वास शिल्लक ठेवून म्हणा. त्यासाठी श्वास कुठं घ्यायचा हे आधी ठरवावं लागतं, आणि ते ठरवलं की अर्थही आपोआप लागतो.

श्वासासाठी पाढे उत्तम. एकोणतीसचा पाढा एका श्वासात, प्रत्येक आकडा सुटा, घाई न करता. (एकोणतीसचा पाढा येणारी माणसं चांगल्या नटांपेक्षाही दुर्मीळ झालीत, तेव्हा आधी तो पाठ करा.) पोटापासून श्वास घ्यायचा म्हणजे काय, ते जमिनीवर उताणं झोपून पोटावर पुस्तक ठेवलं की लगेच कळतं. पुस्तक वरखाली झालं पाहिजे, खांदे हलता कामा नयेत.

विदर्भातल्या झाडीपट्टी रंगभूमीवरच्या नटांचे आवाज ऐका एकदा. दिवाळीपासून होळीपर्यंत हंगाम, गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा या भागात गावोगाव मंडप, रात्री सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत, त्यात गाणी प्रत्यक्ष गायची. दुसऱ्या दिवशी दुसरं गाव. घसा कसा जपायचा हे त्यांना विचारावं.

आणि घसा जपायचाच. खवखवत असताना ओरडायच्या भूमिकेची तालीम करू नका, कुजबुजूनही बोलू नका (कुजबुजण्यानं घसा आणखी ताणतो), सरळ गप्प बसा. विक्रम गोखल्यांसारख्या नटाला, ज्यांच्या शब्दांइतकेच पॉजही लोक ऐकायला यायचे, २०१६ साली घशाच्या त्रासामुळे रंगमंच सोडावा लागला होता.

माझी भाषा गावाकडची आहे. आधी ती बदलावी लागेल का?

बदलू नका, भर घाला. एक मुलगा आटपाडीकडून यायचा, ‘मला शुद्ध शिकवा’ म्हणून. तीन महिन्यांत तो वृत्तनिवेदकासारखा बोलायला लागला आणि अभिनयातून पार पुसला गेला. पुढचे तीन महिने त्याला त्याची बोली परत मिळवून देण्यात गेले.

प्रमाण भाषेचे उच्चार यायला हवेत, कारण निम्म्या भूमिका तशा असतात. ‘जग’ हा शब्द घ्या. सारं जग, यातला ज वेगळा आणि ‘तू जग’ यातला ज वेगळा. ‘जरा’ म्हणजे म्हातारपण आणि ‘जरा’ म्हणजे थोडं, लिहायला एक, बोलायला दोन. ण आणि न, ळ आणि ल, हे तर आहेच. भक्ती बर्वे यांनी ‘ती फुलराणी’त फुलवालीची रांगडी भाषा आणि घासूनपुसून घेतलेली भाषा दोन्ही एकाच संध्याकाळी उभ्या केल्या. तेच लक्ष्य ठेवा: दोन्ही टोकं हातात हवीत. शक्य असेल तर तिसरी बोलीही उचला. मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी, जी ऐकायला मिळेल ती. मात्र मालिकांत ऐकलेली नको, एसटी स्टँडवर ऐकलेली हवी.

पाठांतर राहत नाही. काही युक्ती?

वाक्यं पाठ करू नका, क्रम पाठ करा. कोण काय म्हणाल्यावर मला काय हवंसं वाटतं, तो क्रम. आपली वाक्यं हायलाइटरनं रंगवून फक्त तेवढीच घोकणारा नट समोरच्यानं एक शब्द बदलला की कोसळतो. समोरच्याचं वाक्य आधी पाठ करा. हे उलटं वाटतं, पण करून बघा.

पाठ करताना काहीतरी काम करा: भाजी निवडा, कपडे वाळत घाला. आरशासमोर पाठ करू नका. चेहऱ्याचे हावभाव वाक्याला चिकटतात आणि मग सुटत नाहीत.

माझी फजिती सांगते. राज्य नाट्य स्पर्धेत, भर दुसऱ्या अंकात, मी ब्लँक झाले. पूर्ण पांढरं. समोरचा नट हातात पोह्याची बशी घेऊन उभा. मी प्रॉम्प्टरकडे बघितलं, ही पहिली चूक, कारण मी बघितलं म्हणून सगळं प्रेक्षागृह विंगेत बघायला लागलं. तेवढ्यात समोरच्यानं बशी माझ्यापुढं करून विचारलं, ‘लिंबू पिळू का?’ नाटकात नसलेलं वाक्य. मी म्हटलं, ‘पिळ.’ त्यानं खरोखर पिळलं, बी काढून टाकली, आणि तेवढ्या वेळात माझं वाक्य परत आलं. परीक्षकांनी नंतर त्या प्रसंगातल्या सहजतेचं कौतुक केलं. आम्ही दोघं खाली बघत उभे.

तळकोकणात आणि गोव्यात दशावतारी नट तर लिहिलेली संहिताच घेत नाहीत. आख्यान ठरतं, कोण कोण ते ठरतं, आणि मग एक बाकडं, हार्मोनियम, पखवाज, झांज एवढ्यावर संवाद तिथल्या तिथं. त्यांना ब्लँक व्हायची भीती नाही, कारण त्यांना कथा पाठ असते, शब्द नव्हे. पहाटेपर्यंत जागून एक तरी दशावतार बघाच.

हातांचं काय करायचं?

काहीही नाही. लोंबकळू द्या.

मी दिसायला साधा आहे, उंचीही कमी आहे. चालेल?

निळू फुले सेवा दलाच्या कलापथकातून आले. त्याआधी पुण्यात लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करायचे. ना उंची, ना गोरा रंग. पडद्यावर नुसती मान तिरकी करून बघितलं की थिएटरातल्या बायका शिव्या घालायच्या. रिंकू राजगुरू अकलूजची शाळकरी मुलगी होती आणि पहिल्याच चित्रपटासाठी राष्ट्रीय पुरस्कारांत तिचा विशेष उल्लेख झाला. तेव्हा हो, चालेल.

मालिकांच्या नायक-नायिकांच्या ऑडिशनला मात्र दिसणं मोजतात, तिथं खोटं सांगण्यात अर्थ नाही. पण भाऊ, मामा, वकील, पोलीस, शेजारीण यांच्या भूमिका नायकापेक्षा कितीतरी जास्त असतात आणि त्या करणाऱ्यांची पोटं नायकांपेक्षा जास्त वर्षं भरतात.

शरीर तंदुरुस्त हवं, हे वेगळं. पिळदार दंड लागत नाहीत. तीन तास न थकणारे पाय लागतात. लाठीकाठी, मल्लखांब, सूर्यनमस्कार, कथक, लेझीम, जे जवळ मिळेल ते घ्या. सांगली-कोल्हापूरकडच्या पोरांना कुस्तीच्या तालमीची सवय असते. फक्त रंगमंचावर ते छाती काढून चालतात, ती खोड मोडायला सहा महिने जातात.

समोरचा नट वाईट असेल तर आपण काय करावं?

त्याचं ऐकावं. खरोखर ऐकावं, आपलं वाक्य कधी येतंय याची वाट बघत नव्हे. बेअरिंग, म्हणजे पात्रावरची पकड, सुटतं ते बहुतेक वेळा आपण बोलत असताना नाही, समोरचा बोलत असताना. तो बोलतोय आणि आपण मनात पुढचं वाक्य जुळवतोय, डोळे काचेचे झालेत. प्रेक्षकाला ते लगेच दिसतं.

एक सोपी परीक्षा: तालमीत समोरच्याला सांगा की तुझ्या वाक्यातला एखादा शब्द न सांगता बदल. तुमच्या तोंडून तेच ठरलेलं उत्तर त्याच ठरलेल्या सुरात आलं, तर तुम्ही ऐकत नव्हता.

विनोदाचं टायमिंग शिकता येतं का?

बरंचसं येतं. हशा आला की थांबायचं, हे सगळ्यांना माहीत असतं. किती थांबायचं हे नसतं. हशा वर चढतो, माथ्यावर जरा टिकतो आणि उतरायला लागतो. पूर्ण विरू दिला तर खेळ बसतो, माथ्यावर असताना बोललात तर वाक्य वाहून जातं आणि प्रेक्षकही पुढच्या वेळी हसायला कचरतात. उतरणीला लागला, थोडा शिल्लक आहे, तेव्हा बोलायचं. आणि या थांबलेल्या वेळात नट थांबलाय असं दिसता कामा नये. चष्मा पुसा, चहा ढवळा, पण पात्र म्हणून.

दुसरी गोष्ट, विनोदाच्या वाक्यावर कोणीही हलायचं नाही. बाजूच्यानं नाक जरी खाजवलं तरी डोळे तिकडं जातात आणि लाफ्टर मेला. मुद्दाम असं करणारे नटही असतात. त्यांना ग्रीनरूममध्ये काय म्हणतात ते इथं लिहिता येत नाही.

तमाशातली बतावणी मिळेल तिथं बघा. सोंगाड्या, म्हणजे तमाशातला विनोदी नट, समोरच्या गर्दीचा अंदाज घेऊन तोच विनोद कधी दोन वाक्यांत संपवतो, कधी दहा वाक्यं ताणतो. हशा मोजायचं याहून चांगलं शिक्षण मला माहीत नाही.

नाटक केलंय, पण कॅमेऱ्यासमोर ‘ओव्हर’ होतंय म्हणतात. काय करू?

क्लोजअपमध्ये प्रेक्षक तुमच्या नाकापासून हातभर अंतरावर बसलाय असं समजा. इतक्या जवळच्या माणसाशी आपण भुवया उडवून बोलत नाही.

पण लहान करा म्हणजे कमी करा असं नव्हे. आत तेवढंच ठेवा, बाहेर कमी सोडा. आणि इथंही ती ‘पुन्हा’ची गोष्ट आलीच. जेवणाचा एक प्रसंग घ्या. आधी सगळं टेबल दिसेल असा मास्टर शॉट, मग तुमच्या खांद्यावरून समोरच्याचा, मग त्याच्या खांद्यावरून तुमचा, मग क्लोजअप. तेच वाक्य सकाळी दहाला म्हणायचं आणि दुपारी एकलाही. पोह्याचा चमचा ‘तुझी’ या शब्दावर तोंडात गेला असेल तर चारही वेळा ‘तुझी’वरच जायला हवा, डाव्या हातानं तर डाव्याच. नाहीतर एडिटिंगला बसलेला माणूस तुमचा चांगला टेक फेकून देतो आणि कंटिन्युइटी जुळणारा सुमार टेक ठेवतो. अनुभवी नट जेवणाच्या सीनमध्ये फार थोडं खातात, ते यासाठी.

मार्कवर (उभं राहायच्या ठरलेल्या खुणेवर) खाली न बघता येऊन थांबणं, लाइट कुठं पडतोय ते चेहऱ्यावरच्या उबेवरून ओळखणं, संवाद सेटवर ऐनवेळी हातात पडला तरी दहा मिनिटांत घेणं, हे सगळं मालिकेच्या कामात दोन-तीन महिन्यांत येतं. बारा-तेरा तासांची शिफ्ट असते. दुपारी चारनंतर जो ताजा दिसतो त्याला पुढचं काम मिळतं.

शिकायला कुठं जावं? एनएसडीशिवाय पर्याय नाही का?

एनएसडी म्हणजे दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय, १९५९ सालचं. तीन वर्षांचा अभ्यासक्रम, शिष्यवृत्ती मिळते, पदवी आणि आधी नाटकात केलेलं काम लागतं. जागा मोजक्या. सोलापूरचे अतुल कुलकर्णी अभियांत्रिकी सोडून, गावातल्या नाट्यसंस्थेत काम करून मग तिथं गेले, तेव्हा लहान शहरातून जाता येत नाही असं नाही. हिंदी सुधारा आणि जा.

मराठीतून शिकायचं तर पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे (मुक्ता बर्वे तिथलीच), मुंबई विद्यापीठाची अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स आहे, छत्रपती संभाजीनगरला विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग आहे. गोव्यात कला अकादमीचं नाट्य विद्यालय आहे. फी शहरातल्या खासगी ‘अॅक्टिंग अकादमी’च्या तुलनेत कितीतरी कमी.

आठ दिवसांत नट बनवणाऱ्या जाहिराती येतात, त्यांच्याबद्दल विचारू नका. माझीही कार्यशाळा दहा दिवसांचीच असते आणि त्यात कोणी नट होत नाही. पुढं काय करायचं ते कळतं, एवढंच.

कॉलेजात एकांकिका स्पर्धा कराव्यात की अभ्यास?

दोन्ही करतात पोरं, झोप कमी करून. १९६३ सालापासून चाललेला पुरुषोत्तम करंडक, फिरोदिया, आयएनटी, सवाई या स्पर्धांतून आलेले लोक आज सगळीकडे आहेत. पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात ‘अरे आव्वाज कुणाचा’ ऐकून ज्याच्या अंगावर काटा आला नाही त्यानं हा नाद सोडावा. पण एक दोष सांगते: स्पर्धेचा नट परीक्षकासाठी काम करतो. प्रत्येक वाक्य ‘घेतो’, प्रत्येक एंट्री टाळीची. २०२२ साली तर एकही एकांकिका पात्र वाटली नाही म्हणून परीक्षकांनी पुरुषोत्तम करंडकच कोणाला दिला नाही. तेव्हा फार आरडाओरडा झाला. मला तो निर्णय बरोबर वाटला होता, आणि हे बोलल्यामुळे माझे दोन विद्यार्थी अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

मॅडम, मुलगा इंजिनिअरिंग सोडून मुंबईला जायचं म्हणतोय. काय सांगू त्याला?

सगळ्यात अवघड प्रश्न, आणि दादा, तुमच्याच्यानं तो अडणार नाही हे तुम्हालाही ठाऊक आहे.

श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन होते, आफ्रिकेत डॉक्टरकी करून आले, १९६९ साली पूर्ण वेळ नट झाले तेव्हा चाळिशी ओलांडली होती. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९७० मध्ये, ‘नटसम्राट’ आलं. काशीनाथ घाणेकर दंतवैद्य. सुलभा देशपांडे छबिलदास शाळेत शिकवायच्या. म्हणजे पोटाची सोय ठेवून मोठं होता येतं, याला पुरावा आहे. हौशी आणि प्रायोगिक नाटकं अजूनही नोकरदार माणसंच चालवतात. पाच वाजता बँकेतून सुटून साडेसहाला तालमीला.

व्यावसायिक नाटकात प्रत्येक प्रयोगाचे पैसे मिळतात, त्याला ‘नाईट’ म्हणतात. प्रयोग नाही तर नाईट नाही. तालमीच्या महिन्याभरात बहुधा काहीच नाही. मालिकेत आकडा बरा दिसतो, पण हातात यायला तीन-तीन महिने लागतात. त्यामुळे मुंबईला जाताना किमान वर्षभराचं भाडं गाठीला हवं, आणि स्वयंपाक यायला हवा. मी मुलांना आधी आमटी-भात शिकायला लावते, ती थट्टा नाही.

पदवी पूर्ण कर म्हणावं. एनएसडीलाही ती लागतेच. तोवर त्याची हौस विरली तर विरू दे. आणि नाही विरली तर तिकीट तुम्हीच काढून द्या.

ऑडिशनसाठी किंवा भूमिकेसाठी पैसे मागितले तर?

उठून यायचं. रजिस्ट्रेशन, कार्ड, ‘आमच्याच फोटोग्राफरकडून पोर्टफोलिओ’, नाव काहीही असो. ऑडिशनला पैसे लागत नाहीत. मी विशीत असताना मुंबईतल्या एका ऑफिसात पोर्टफोलिओचे म्हणून दोन महिन्यांची बचत भरली होती. पुढच्या महिन्यात गेले तर दाराला कुलूप, आणि बाहेर माझ्यासारख्या आणखी चार जणी. त्यातली एक आजही माझी मैत्रीण आहे, एवढाच फायदा. आणि मुलींनो, रात्री हॉटेलच्या खोलीवर ऑडिशन नसते. कधीच नसते.

प्रयोगाआधी हातपाय कापतात. हे जाईल का?

नाही. तिसऱ्या घंटेला माझे अजून कापतात. पडदा उघडल्यावर करायचं पहिलं काम ठरवून ठेवा, अगदी बारीक: दिव्याची वात सरळ करणं, चपला काढणं. ते काम सुरू झालं की कापरं थांबतं.

वाचन किती हवं?

भरपूर, आणि मोठ्यानं. रोज पंधरा मिनिटं वर्तमानपत्राचा अग्रलेख मोठ्यानं वाचा; लांब वाक्यांतून अर्थ न सांडता पलीकडं जायची सवय लागते. आणि बघत जा. मंडईत भाव करणारी बाई नकार देताना आधी मान हलवते की आधी शब्द उच्चारते? हॉस्पिटलच्या बाहेर बसलेला माणूस डब्याचं झाकण कसं उघडतो? वहीत लिहून ठेवा. मी एका सासूचं सगळं काम आमच्या रेशन दुकानातल्या एका आजींच्या चालीवर उभं केलं होतं. त्या नाटकाला आल्या, आणि जाताना म्हणाल्या, ‘कुठं तरी बघितलंय बाई हिला.’

कार्यशाळेला येताना काय आणायचं?

ढगळ सुती कपडे, अंगावर घाम जिरेल असे. जीन्स नको. पाण्याची बाटली. वही आणि पेन्सिल. पेन नको, कारण ब्लॉकिंग (कोणी कधी कुठं उभं राहायचं ते) रोज बदलतं आणि खोडावं लागतं. मोबाइल दाराशी टोपलीत जमा होईल. कोणताही एक उतारा पाठ करून या, दहा ओळींचा. पहिल्या दिवशी तो म्हणायचा. दहाव्या दिवशी तोच पुन्हा म्हणायचा आहे, तेव्हा कंटाळा येणार नाही असा निवडा.